लिफ्टबाईंची सही

लिफ्टबाई स्वतः मात्र जिन्याने चढत. लोकांना याची भारी गंमत वाटे. शहरातल्या शेकडो लिफ्टना "चालवायला हरकत नाही" असं प्रमाणपत्र देणारी ही बाई, आणि स्वतः पिशवी खांद्याला अडकवून आठ-आठ मजले धापा टाकत वर जाते! कुणी टोकलं, "काय बाई, स्वतःच्या सहीवर भरवसा नाही वाटतं?" की त्या म्हणत, "सहीवर आहे. गुडघ्यांवर नाही, म्हणून त्यांना कामाला लावते." खरं कारण साधं होतं. बंद पेटीत चाळीस सेकंद हातावर हात धरून उभं राहायचं, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. टेलिफोनवर बोलतानाही त्या टेबलाभोवती फेऱ्या मारत. वायर जेवढी लांब, तेवढ्या फेऱ्या.

वडील वायरमन. त्यांच्या शिडीचं खालचं टोक धरत बाई लहानाच्या मोठ्या झाल्या, वीजयंत्रांची पदविका घेणाऱ्या वर्गातल्या एकमेव मुलगी ठरल्या आणि सरकारी खात्यात लिफ्ट तपासणीस म्हणून लागल्या. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. दोर किती झिजला ते मापात कळतं, ब्रेक किती अंतरात धरतो ते फूटपट्टीवर दिसतं, दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलते की नाही हे करून बघता येतं. अशा कामात आयुष्य गेलेलं. देव नाही, असं त्यांनी कधी कुणाला ठासून सांगितलं नाही. वादाची हौस नव्हती. त्यांना तो लागला नाही, एवढंच.

घरात मात्र देवाचा पक्ष भक्कम होता. सासूबाई मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात चौतीस वर्षं परिचारिका होत्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. रोज सकाळी आधी रक्तदाबाची गोळी, मग खिडकीजवळच्या खुर्चीत दहा मिनिटं डोळे मिटून प्रार्थना. हा क्रम कधी बदलला नाही. देव आणि जंतुनाशक या दोघांना सोबत घेतल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात कुणा रुग्णाला हात लावला नव्हता. सासू-सुनेचं चांगलं जमे. नवरा छापखान्यात सकाळपाळीला जाई, त्यामुळे सकाळचा चहा या दोघींचाच.

"आई, तुमचा देव लिफ्टने येतो की जिन्याने?" बाई विचारत.

"जिन्याने. तुझ्यासारखाच. म्हणून तर त्याला उशीर होतो," सासूबाई म्हणत आणि बशीत चहा ओतत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, एका आठ मजली इमारतीतली लिफ्ट कोसळली. म्हणजे कोसळायला निघाली.

लिफ्ट सहा जणांची. सातव्या मजल्यावरून निघाली तेव्हा आत पाच मोठी माणसं आणि एक तान्हं बाळ. एक होते कप्तान, मालवाहू बोटीवर हयात घालवून निवृत्त झालेले, सोसायटीचे अध्यक्ष. दुसरी चौथ्या मजल्यावरची तरुण विज्ञानशिक्षिका, वरच्या मजल्यावर वही परत द्यायला गेलेली. बाकी बाळ, बाळाचे आईबाप आणि आजी. सहाव्या मजल्याखाली पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला. वर मोटारीजवळचा दांडा तुटला होता. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते त्या पाच जणांना अक्षरशः कळलं. बाळाच्या आईने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटण्याआधीच एक जबरदस्त हिसका बसला आणि लिफ्ट चौथ्या-तिसऱ्याच्या मध्ये जागच्या जागी थिजली. कप्तानांचं मनगट मोडलं, शिक्षिकेचा चष्मा फुटला. मग बाळाने असा काही टाहो फोडला, की सातव्या मजल्यावरच्या लोकांनासुद्धा हायसं वाटलं.

तासाभरात बाई पोहोचल्या. तोवर सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं होतं. देखभालीचा मेकॅनिक घामाने निथळत उभा होता. बाईंनी वर जाऊन पाहिलं, खाली येऊन पाहिलं आणि जमलेल्या लोकांना समजावून सांगितलं. वर मशीनच्या खोलीत एक चाक असतं, त्याला गव्हर्नर म्हणतात. ते लिफ्टबरोबर फिरतं. वेग मर्यादेपलीकडे गेला, की त्याचा आकडा अडकतो, दोरी खेचली जाते आणि लिफ्टच्या तळाशी असलेले पोलादी जबडे दोन्ही बाजूंचे रूळ पकडतात. आज त्यांनी पकडले.

"देवाने हात दिला," कप्तान म्हणाले. त्यांचा हात तोपर्यंत एका शालीत बांधलेला होता. "समुद्रावर तीन वेळा दिला, आज जमिनीवर दिला."

"देवाने नाही, काका, जबड्यांनी दिला," शिक्षिका म्हणाली. ती काही केल्या मागे हटणाऱ्यांतली नव्हती. "कुणीतरी ते बनवले, कुणीतरी ते तपासले. दरवर्षी येऊन बाई ते करून बघतात. चार महिन्यांपूर्वी त्यांनी तपासलं म्हणून आज आपण उभे आहोत. सांगा ना बाई!"

बाईंनी तोंड उघडलं. "हो" म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. पण नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं: चार महिन्यांपूर्वी आपण गव्हर्नर खरंच सोडून, म्हणजे जबडे मुद्दाम पकडायला लावून, बघितला होता का?

"यंत्राने आपलं काम केलं," त्या कसंबसं म्हणाल्या आणि पिशवी उचलून जिना उतरू लागल्या. मागे लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "बघा, किती साधी बाई!"

त्या दिवशी बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी येऊन त्यांनी घासलेली भांडी परत घासली. गॅलरीत गेल्या, आत आल्या, पंखा लावला, बंद केला. सासूबाई वर्तमानपत्राच्या आडून बघत होत्या.

"पायाला भिंगरी लागलीय का?"

"काही नाही हो, आई."

"काही नाही म्हणतेस, आणि चहात मीठ घातलंयस."

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडताच बाईंनी त्या इमारतीची फाइल काढली. तपासणीच्या तक्त्यात बावीस रकाने. चौदाव्यात लिहिलेलं: गव्हर्नर व जबडे, प्रत्यक्ष चाचणी. पुढे बरोबरची खूण. निळी शाई, ठसठशीत. खाली सही. एखाद्याचं समाधान झालं असतं. बाईंचं झालं नाही. त्यांनी दैनंदिनी उघडली. त्या इमारतीत आगमन सव्वाअकरा. पुढच्या इमारतीत आगमन बारा वाजून वीस मिनिटं. आणि मधल्या ओळीत त्यांच्याच अक्षरात: वीज गेली, चाळीस मिनिटं.

त्या तडक इमारतीकडे गेल्या. मेकॅनिक तिथेच होता. त्याला घेऊन त्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्या. बाईंची एक पद्धत होती. चाचणीत जबड्यांनी रूळ पकडला, की रुळावर चाव्यासारखा व्रण उमटे. बाई तो कानशीने घासून गुळगुळीत करून घेत आणि शेजारी भिंतीवर पिवळ्या रंगाने तारीख घालत. पहिला मजला आणि तळमजला यांच्या मधे, नेहमी एकाच जागी. त्यांनी बॅटरीचा झोत टाकला. सात वर्षं ही इमारत त्यांच्याकडे होती. तारखा सहा होत्या.

त्यांनी दुसऱ्या बाजूची भिंत बघितली. मग पुन्हा पहिली.

"मॅडम, त्या दिवशी दिवे गेले होते ना," मेकॅनिक हळूच म्हणाला. "आले तेवढ्यात सातव्या मजल्यावरच्या आजोबांना दवाखान्यात न्यायचं होतं. लिफ्ट तातडीने द्यावी लागली. मी म्हटलं, गेल्या वर्षी झकास पकडलं होतं, दर महिन्याला मी तेल देतो, काळजी नको. तुम्ही 'बरं' म्हणालात."

आता सगळं आठवलं. "बरं" म्हटलं होतं, "परत येऊन करू" असंही मनात म्हटलं होतं. संध्याकाळी टेबलाशी बसून तक्ता भरताना हात सवयीने रकान्यामागून रकाना उतरत गेला होता. खोटं लिहितोय याची जाणीवसुद्धा झाली नव्हती. तीच गोष्ट बाईंना सगळ्यात जास्त टोचली. जाणूनबुजून खोटं बोललेल्या माणसाला निदान आपण कुठे उभे आहोत हे माहीत असतं.

"माझी नोकरी जाईल का हो मॅडम?" मेकॅनिकने विचारलं.

"तुझी का जाईल? तेल तू दिलंस. खूण मी केली."

त्याच दिवशी दुपारी शिक्षिकेचा फोन आला. रविवारी सकाळी इमारतीच्या तळमजल्यावर सगळे जमणार होते. बाईंचा सत्कार करायचा होता. "आणि बाई, मी शाळेतल्या मोठ्या मुलांनाही बोलावलंय. विषय ठेवलाय, विज्ञानाच्या युगात देवाची गरज आहे का? कप्तानकाका एका बाजूने बोलतील, मी दुसऱ्या. पण खरा पुरावा तुम्ही आहात. तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी पुरे!"

बाई फोन धरून टेबलाभोवती फिरत होत्या. तीन फेऱ्या झाल्यावर त्या "येईन" म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी शुक्रवारी सकाळी चहा पिताना त्यांनी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. सासूबाई बशी खाली ठेवून म्हणाल्या, "माझ्यावर एकदा अशी वेळ आली होती. पोटाची शस्त्रक्रिया. शिवून झालं. आत वापरलेल्या कापडी पट्ट्या मोजायचं काम माझं. मी फळ्यावर 'बरोबर' लिहिलं होतं. डॉक्टर हातमोजे काढत होते, तेवढ्यात मी सहज परत मोजल्या. एक कमी."

"मग?"

"मग काय! गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण मी सांगितलं. डॉक्टरांनी मला शिव्यांची लाखोली वाहिली आणि टाके उसवून पोट पुन्हा उघडलं."

"आणि पट्टी सापडली?"

"सापडली. टेबलाच्या चाकाखाली."

बाई बघतच राहिल्या. "म्हणजे पोटात नव्हतीच?"

"नव्हतीच. त्या बिचाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा भूल, दुसऱ्यांदा टाके, उगाच. डॉक्टर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत."

"मग सांगितलंत ते चुकलं का बरोबर?"

"पंचेचाळीस वर्षं झाली, मला अजून कळलेलं नाही. पण तेव्हा का सांगितलं ते पक्कं ठाऊक आहे. देवाची भीती वाटली."

बाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "मला कुणाचीच भीती वाटत नाहीये, आई. देवाची नाही, साहेबांची नाही. पकडलं जायचीसुद्धा नाही, कारण कुणी पकडणारच नाही. सगळे टाळ्या वाजवतायत. मग माझ्या आत हे काय वळवळतंय? मला बसू का देत नाहीये?"

"मला काय विचारतेस? तो तुझ्या खात्यातला प्रश्न आहे," सासूबाई म्हणाल्या आणि रिकामी बशी सुनेपुढे सरकवली. "चहा दे आणखी. या वेळी साखर घाल."

बाईंनी त्याच दिवशी कार्यालयात लेखी निवेदन दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि दरवाजा लोटून घेतला.

"बाई, शेवट गोड झालाय. कशाला उकरून काढताय? झाकली मूठ राहू द्या."

"मूठ रिकामी आहे हे मला माहीत झालंय, साहेब."

"अहो, पण जबडे चालले ना? तुम्ही चाचणी केली असती तरी चाललेच असते."

"आणि चालले नसते तर? तरी माझी खूण तिथेच असती. तेवढीच निळी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग नाइलाजाने शेरा मारला.

रविवारी तळमजल्यावर पन्नास-साठ खुर्च्या मांडल्या होत्या. कप्तान गळ्यात हात अडकवून बोलले. उघड्या समुद्रात इंजीन बंद पडलं की नकाशा, होकायंत्र, सगळं असूनही माणूस वर का बघतो, हे त्यांनी इतकं छान सांगितलं की मुलं ऐकत राहिली. मग शिक्षिका बोलली. तिचंही कुणी खोडून काढावं असं नव्हतं. वर बघितल्याने इंजीन सुरू होत नाही, ती म्हणाली. सुरू होतं ते कुणीतरी खाली उतरून हात काळे केल्यावर. आणि तिने नव्या चष्म्यातून बाईंकडे बघत हात पुढे केला.

बाई उभ्या राहिल्या. भाषणाची सवय नाही. त्यांनी सरळ सांगून टाकलं. वीज गेली, चाचणी राहिली, खूण मात्र केली.

बाळाची आई मांडीवरच्या बाळाला घट्ट धरून बाईंकडे बघत होती. त्या नजरेत राग होता आणि तो रास्त होता. बाईंनी नजर चुकवली नाही.

"म्हणजे मग देवानेच!" कप्तान एकदम म्हणाले. त्यांचा आनंद लहान मुलासारखा उसळला. "बघा! कुणी तपासलं नव्हतं, तरी वाचलो!"

"नाही हो कप्तान," बाई म्हणाल्या. "कारखान्यात कुणीतरी जबडे नीट बनवले होते आणि या मेकॅनिकने दर महिन्याला न चुकता तेल दिलं होतं. त्याचं श्रेय कुणाला घेऊ देऊ नका. मलाही नाही, तुमच्या देवालाही नाही."

शिक्षिकेचा चेहरा पडला होता. "पण बाई, मग मी मुलांना काय सांगू? तुम्ही तर..."

"मी तर विज्ञानाची माणूस, असंच ना? मीही तेच समजत होते. सव्वीस वर्षं मी 'मला माहीत आहे' म्हणत आले. त्या दिवशी मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं. आणि लिहिलं मात्र 'माहीत आहे'च्या रकान्यात."

"मग देव हवा की नको?" मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं. बहुधा तिला वहीत उत्तर लिहायचं होतं.

"माझ्या सासूबाईंना हवा आहे. मला अजून लागलेला नाही," बाई म्हणाल्या. "पण तो असला तरी गव्हर्नर सोडून बघावाच लागतो, आणि नसला तरी." एवढं बोलून त्या खाली बसल्या, आणि लगेच उठून बाहेर अंगणात फेऱ्या मारू लागल्या. सत्काराची शाल घडी करून कुणीतरी कपाटात ठेवून दिली.

पुढे व्हायचं ते झालं. चौकशी बसली. सहा महिने सही करायचा अधिकार काढून घेतला. वर्षभरात बाईंनी पास केलेल्या एकशे त्रेचाळीस लिफ्ट दुसऱ्या तपासणिसांनी पुन्हा तपासायच्या असं ठरलं. सहकारी कुरकुरले, एकाने तर तोंडावर म्हटलं, "तुमच्या मनाच्या शांतीसाठी आमची हाडं मोडतायत." बाईंनी स्वतः यादी करून दिली आणि ज्यांच्याबद्दल छातीठोक सांगता येत नव्हतं अशा अकरा लिफ्टपुढे तांबडी रेघ ओढली. त्या अकराही उत्तम निघाल्या.

अडचण निघाली ती भलतीकडेच. एका प्रसूतिगृहातली लिफ्ट. ही बाईंनी व्यवस्थित तपासली होती. भिंतीवर पिवळी तारीख होती, सोबत कोण होतं तेही त्यांना आठवत होतं. पण तपासणीनंतर दीड महिन्याने मशीनच्या खोलीला रंग दिला गेला आणि रंगाऱ्यांनी भिंतीबरोबर गव्हर्नरलाही हिरवा हात मारला. आकडा रंगात घट्ट चिकटून बसला होता. वेळ आली असती तर जबड्यांना कळलंच नसतं.

ही बातमी फुटली, तसा कप्तानांचा फोन आला. "बाई, तुम्ही खरं बोललात म्हणून फेरतपासणी झाली, आणि फेरतपासणी झाली म्हणून ती सापडली. आता तरी सांगा, हे कुणी घडवलं?"

योगायोग म्हणावं, तर तो शब्दही बाईंना पोकळ वाटू लागला होता. कुणी घडवलं म्हणावं, तर रंगाऱ्याच्या हाताला कुणी का अडवलं नाही, हा प्रश्न उरतच होता. त्यांचं केलेलं काम खरं होतं, न केलेलं काम फुकट निभावलं होतं, आणि धोका होता तो केलेल्या कामाच्या मागून येऊन बसलेला. हे कोड्यासारखं त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. त्यांनी कार्यालयात अर्ज केला, की रंगकाम झालं की चाचणी पुन्हा घ्यावी असा नियम करा. तो मंजूर व्हायला पाच महिने लागले. पण झाला.

एकदा बाई चिडून सासूबाईंना म्हणाल्या, "बोला ना काहीतरी! तुमच्या मनात काय चाललंय ते दिसतंय मला."

"मी काही बोलले का?" सासूबाई म्हणाल्या. "रविवारी मला प्रार्थनाघरात सोडशील? नेहमीच्या शेजारीणबाई माहेरी गेल्यात. बसमध्ये एकटीला चढवत नाही."

बाई गेल्या. दारातूनच परतायचा विचार होता, पण बस तासाभराने होती, म्हणून आत येऊन सासूबाईंच्या शेजारी टेकल्या. उंच खिडक्या, लाकडी बाकं, छताला सहा पंखे. सगळ्यांनी डोळे मिटले. बाईंचे उघडेच होते, आणि ते तिसऱ्या रांगेवरच्या पंख्यावर जाऊन खिळले. पंखा डगमगत होता.

त्या अर्धवट उठल्या. सासूबाईंनी डोळे न उघडता त्यांचं मनगट धरलं. "इथे तरी गप बस."

"आई, तो पंखा..."

"दहा मिनिटं."

बाईंनी चार मिनिटं काढली. मग हात सोडवून घेऊन त्या रखवालदाराकडे गेल्या. "वर्षानुवर्षं असाच फिरतोय," तो कुजबुजला. "म्हणूनच," बाई म्हणाल्या. पंखा बंद झाला, तिसरी रांग घामाघूम झाली. प्रार्थना संपताच शिडी आली आणि बाई स्वतः वर चढल्या. आकडा पक्का होता. नट घट्ट होता. एक पातं जरासं वाकलं होतं, इतकंच.

परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही. पातं वाकलं होतं."

"म्हणजे उगाच सगळ्यांना उकडवलंस."

"हो."

बाईंच्या हातांना धूळ लागली होती. त्या एकेक बोट रुमालाने पुसत होत्या आणि पाय खाली सारखा हलत होता.

"पुढच्या रविवारी येशील?" सासूबाई म्हणाल्या.

"येईन. पण बाकीचे पाच पंखे आधी बघू द्या मला. तुम्ही सगळे डोळे मिटायच्या आत."

"मग आपण अर्धा तास आधी निघू," सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या थांब्याची घंटा वाजवायला सांगितली.